काढूबाईचा आवाज

आमच्या घरात सकाळ होते ती सासूबाईंच्या काठीनं. गजर वाजायच्या आधी ती त्यांच्या खोलीतून निघते, न्हाणीघरापर्यंत जाते, परत फिरते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबते. ती थांबली की मी चहा टाकायचा, असं आमचं न बोलता ठरलेलं आहे. त्या दिवशी मात्र टकटक आलीच नाही. आमच्या ह्यांची लांब दांड्याची छत्री फरशीवर खरडत आली आणि तिच्यामागून सासूबाई.

"मेली मध्येच उघडते गं," त्या म्हणाल्या. "आत्ता न्हाणीघरात उघडली. नळ बंद, आणि मी आपली छत्रीखाली."

"आई, संध्याकाळी नवी काठी आणतो," हे दाढीच्या आरशासमोरून ओरडले. "आणि त्या टोइंगवाल्यांना मी सोडत नाही, बघच तू."

"तू त्यांना काय सोडतोस! काल त्यांनीच आपल्याला सोडलं म्हणून घरी आलो."

झालं होतं असं. आदल्या दिवशी हे सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. येताना थेंबांची बाटली घ्यायला बाजारात थांबले. आता आमच्या बाजारात गाडी ठेवायला जागा नाही हे अगदी खरं आहे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी दुकानं, आणि 'नो पार्किंग'ची पाटी झाडाच्या फांद्यांत अशी शिरलेली की पानगळ झाल्याशिवाय दिसायची नाही. ह्यांनी गाडी त्या झाडाखालीच लावली. "हा आलोच," म्हणून गेले. औषधाच्या दुकानात ही गर्दी. सासूबाई डोळ्यांत औषध घातलेल्या, काळा चष्मा लावून मागच्या सीटवर कलंडल्या आणि झोपल्या. वाऱ्यासाठी काच थोडी खाली होती आणि काठी मावेना म्हणून तिची मूठ काचेतून बाहेर आलेली.

तेवढ्यात टोइंगची गाडी आली.

त्या गाडीवर एक कर्णा आहे आणि त्या कर्ण्यात एक बाई आहे. बाई म्हणजे नुसता आवाज. ती पुढं ड्रायव्हरशेजारी जाळीच्या खिडकीआड बसते, त्यामुळं तिचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. "लाल चारचाकी, शेवटचे आकडे चार, दोन, आठ, साऽऽत. चालकांनी जिथं असतील तिथून गाडीजवळ यावं आणि गाडी काढून घ्यावी." या शेवटच्या 'काढून घ्यावी'वरून सगळा बाजार तिला काढूबाई म्हणतो. आवाज इतका गोड आहे, की तीच लोकांची खरी तक्रार आहे. शिटी वाजवणारा, दरडावणारा माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. हिचं ऐकून वाटतं, आपल्याला कुणी प्रेमानं जेवायला बोलावतंय, आणि बाहेर येऊन बघावं तर गाडी हवेत. आमचे हे तिची नक्कल फार छान करतात. पाहुणे आले की 'साऽऽत' म्हणून दाखवतात.

तर काल तिनं आकडे वाचले, परत वाचले, कुणी आलं नाही. माणसांनी हुक लावला. गाडीची पुढची चाकं उचलली गेली आणि एकदम कर्ण्यातून आलं:

"थांबा! थांबा, खाली घ्या! आमच्या आजी आहेत आत!"

बाजार गप्प झाला म्हणे. मग जो हशा उठला, तो ह्यांना औषधाच्या दुकानात ऐकू आला. हे धावत येईपर्यंत गाडी दणकन खाली आली होती, काठी काचेतून सटकून रस्त्यावर गेली होती आणि माणसांचा घोळका टोइंगच्या गाडीभोवती जमला होता. कुणी बॉनेटवर थापा मारत होतं, कुणी जाळीवर कांदा फेकला. ड्रायव्हरनं घाबरून गाडी हाणली. ह्यांनी आईला सावरलं, काठी शोधली, मिळाली नाही.

"मला वाटलं विमान सुटलं," सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांना मजाच वाटली होती. राग ह्यांना आला, आणि तो गाडी उचलण्याचा नव्हताच. समोरचा भाजीवाला म्हणाला होता, "साहेब, काढूबाई तुमच्या नात्यातली का? आधी सांगायचं ना, आम्हीपण तुमच्या ओळखीवर गाड्या लावल्या असत्या!"

आणि संध्याकाळभर सासूबाईंचं एकच. "ती 'आमच्या' आजी का म्हणाली रे?"

"अगं, म्हातारं माणूस दिसलं की म्हणतात आजी."

"नुसतं आजी नाही म्हणाली. 'आमच्या' म्हणाली."

सकाळी छत्री टेकत टेबलाशी बसतानाही त्यांचं तेच चालू होतं, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणीतरी बोटाच्या पेरानं वाजवलेलं, तेही इतकं हळू की मला आधी वाटलं छत्रीच कुठं तरी आपटली.

दारात अबोली उभी होती.

अबोली हे तिचं नाव नव्हे, सासूबाईंनी ठेवलेलं. आमच्या डोक्यावरच्या खोलीत भाड्यानं राहते. चाळिशीची, नीटनेटकी, एकटी. घरमालकांना तिनं 'नोकरी करते' एवढंच सांगितलेलं, तेही म्हणे मान हलवून. राहायला आल्यापासून तिच्या तोंडून आम्ही शब्द ऐकला नव्हता. दूधवाल्याला ती बोटं दाखवते. भाजी घेते ती मोठ्या दुकानातून, जिथं आपलं आपण उचलायचं असतं. जिन्यात भेटली की गालातल्या गालात हसते, मान लववते, भिंतीला लागून वाट देते. तळमजल्यावरच्या रिटायर्ड नर्सबाईंनी तिच्या घशात काहीतरी झालंय असं ठरवून टाकलं आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. तिनं मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "गुळण्यासुद्धा आवाज न करता करत असेल बिचारी."

पण सासूबाईंचं आणि तिचं जिन्यातलं नातं वेगळं होतं. त्या खालच्या बाकावर बसून वर चढायला निघाल्या आणि ती भेटली, की ती त्यांचा हात धरायची. दुसरा हात काठीच्या मुठीवर, सासूबाईंच्या हाताशेजारी. वळणावर थांबायची, दम खाऊ द्यायची. सासूबाई बोलत असायच्या, ती ऐकत असायची. आमच्या दारापर्यंत पोचवून वर जायची. आणि वरून कधी काही ऐकू यायचं नाही. भांडं पडल्याचं नाही, रेडिओ नाही, शिंकसुद्धा नाही. मी आपली कधी कधी काम थांबवून छताकडं बघायची, की बाई आहे ना जागेवर.

तीच आता दारात उभी होती आणि तिच्या हातात आमची काठी होती. मुठीला मी गुंडाळलेली हिरवी लोकर, एका बाजूला चिखल लागून वाळलेला.

"अगंबाई! ही तुम्हाला कुठं सापडली?" मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत होती, मग माझ्या खांद्यावरून आत सासूबाईंकडं. ओठ हलले, थांबले. आणि मग ती बोलली.

"आजी, काठी आणलीय."

आरशासमोर ह्यांचा वस्तरा थांबला. ते मला बघावं लागलं नाही. आवाज तोच होता. कर्ण्यातून येतो तेव्हा त्याला पत्र्याची धार असते, ती तेवढी नव्हती.

सासूबाईंनी हात पुढं केला. काठी हातात घेतली, लोकरीवरून अंगठा फिरवला. "ये, आत ये. म्हणजे तू होय! मी म्हणतेय कालपासून, 'आमच्या' आजी का म्हणाली."

हे अर्ध्या गालावर फेस घेऊन बाहेर आले. "म्हणजे... तुम्ही?"

"हो भाऊ. मीच."

"इथं? आमच्या वर राहता?"

तिनं मान हलवली.

"अहो, काल तुम्ही माझी गाडी उचललीत!"

"आणि उतरवलीपण तिनंच," सासूबाई म्हणाल्या. "जा, दाढी पुरी कर. अर्धवट माणसाशी कोण बोलणार?"

हे परत आरशाकडं गेले खरे, पण वस्तऱ्याचा आवाज काही आला नाही. आमचे हे इमारतीचे सेक्रेटरी. टोइंगविरुद्ध सगळ्यांच्या सह्या गोळा करायचं त्यांच्याच डोक्यात होतं. आणि वरच्या खोलीच्या मालकांची स्कूटर एकदा उचलली गेल्यापासून ते जिन्यात उघड म्हणायचे, की खोली ओस पडली तरी चालेल पण त्या खात्यातलं माणूस मी दारात उभं करणार नाही. म्हणजे त्या क्षणी तिची खोली आमच्या घरातल्या तीन तोंडांवर टिकून होती. हे तिलाही कळत होतं, कारण खुर्चीवर ती अगदी कडेला बसली, उठायच्या तयारीत.

मी चहा दिला. ती पुटपुटत काहीतरी म्हणाली.

"मोठ्यानं बोल गं," सासूबाई म्हणाल्या. "डोळे तर गेलेच, आता कुजबुजून कानांचीपण परीक्षा घेऊ नकोस."

तिनं दाराकडं बघितलं. मी उठून दार लावलं, खिडकीही लोटली. मग ती बोलायला लागली. आधी चाचपडत, जिन्यात अंधारात पायरी शोधावी तशी, आणि मग पाय स्थिरावला तशी सरळ.

तिच्या आईला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. घरात बाकी सगळे खुणा करायचे, पण आई वळायची ती हिच्या हाकेला. त्यामुळं मोठ्यानं आणि सुटं सुटं बोलायची सवय तिला पाळण्यापासूनची. पुढं बसस्थानकावर नोकरी लागली, घोषणा करायची. कुठली बस कुठं लागली, कुठलीला उशीर आहे. "तिथं लोक खिडकीशी येऊन सांगायचे, ताई, तुमच्यामुळं बस मिळाली. एक आजोबा तर गावाला जायचं नसलं तरी येऊन बसायचे, ऐकायला." मग तिथं रेकॉर्ड केलेला आवाज लावला आणि तिला घरी बसवलं. काही दिवसांनी टोइंगच्या कंत्राटदारानं बोलावलं. तो म्हणाला, तुमचा आवाज ऐकून लोक चिडणार नाहीत.

"आणि?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी एक जण म्हणाला, एवढं गोड बोलून गळा कापता, लाज नाही वाटत?" ती हसली. "मी घरी येऊन कडक बोलायचा सराव केला. जमेना. ड्रायव्हर म्हणाला, ताई, तुम्ही रागावलात की अंगाई म्हटल्यासारखं वाटतं."

आतून ह्यांचा आवाज आला. "पण तो शेवटचा आकडा? तो चिडवायला लांबवता ना?"

"नाही भाऊ. तेवढ्यात कुणी धावत आलं तर आलं, म्हणून. एकदा हुक लागला की माझं कुणी ऐकत नाही. लांबवते म्हणून आमची माणसंपण माझ्यावर कावतात."

आत वस्तरा पाण्यात खळबळल्याचा आवाज झाला.

मला एकदम आमच्या अंगणातला खेळ आठवला. मुलं लपाछपी खेळतात, त्यात ज्याच्यावर राज्य असतं तो खांबाला टेकून ओरडतो, "जिथं असाल तिथून गाडीजवळ याऽऽ!" मग जो सापडेल त्याला दोघं काखेत धरून उचलून नेतात. मी तिला विचारलं, ऐकू येतं का वर?

"येतं ना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं. तोंडावर हात दाबून हसले. ती धाकटी आहे ना, दोन वेण्यांची, ती अगदी माझ्यासारखं म्हणते. तिला सांगावंसं वाटलं, 'या' एवढा नको ओढूस, दम पुरणार नाही." जरा थांबून म्हणाली, "मग खिडकी लावून घेतली."

ज्यांच्या अंगावर वर्दी असते, त्यांना घरी येऊन ती खुंटीला टांगता येते. दार लावलं की तो आपला कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी बाप. हिला टांगायला काही नव्हतं. हिनं तोंड उघडलं की ड्युटी सुरू. म्हणून ती बसमध्ये सुटे पैसे हातात तयार ठेवते, दवाखान्यात दुखतं तिथं बोट ठेवते. मला तिच्या हाताचं बँडेज आठवलं. उन्हाळ्यात कधीतरी जिन्यात दिसलं होतं. मी विचारलं तर तिनं 'काही नाही' असा हात हलवला होता. वाफेनं मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं होतं, तिनं आत्ता सांगितलं. माझ्या डोक्यावर, माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर ती भाजली होती आणि मी खाली भाजी चिरत होते. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

"आणि आईशी कशी बोलतेस?" सासूबाईंनी विचारलं. "त्यांना तर मोठ्यानंच लागत असेल."

"फोनवर. बस डेपोत जाऊन. तिथं इंजिनं चालू असतात, केवढंही ओरडलं तरी कुणी वळून बघत नाही. दर सुट्टीला जायचे. काय जेवलीस, गुडघा कसा आहे, सगळं ओरडून. ती पलीकडून म्हणायची, हळू बोल, मी काय बहिरी आहे?"

सासूबाई हसल्या. तीही हसली. मग म्हणाली, "गेल्या थंडीत ती गेली."

मी तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

"आता डेपोत जायचं कारण राहिलं नाही. तरी एकदोनदा जाऊन उभी राहिले. फोन कानाला लावला. कुणाला लावणार?"

"मग बोलतेस कुणाशी, पोरी?"

"कर्ण्याशी. दिवसभर सगळ्यांना हाका मारते, जिथं असाल तिथून या. येतात ते शिव्या देतच येतात. त्यांचंही बरोबर आहे, गाडी कुठं ठेवणार? मी कुणाच्या जागी असते तर मीपण दिल्या असत्या." तिनं कप खाली ठेवला. "काल मी आकडे वाचले, आणि बघते तर काचेतून ही हिरवी लोकर. रोज हिला हात लागतो माझा. माईकचं बटण सोडायचं राहिलं. 'आमच्या' म्हणायचं नव्हतं हो मला. तोंडातून गेलं. तोंडाला रुमाल लावून काठी उचलायला उतरले, तर लोक धावत आले. तशीच घेऊन परत चढले. संध्याकाळी लगेच द्यायला हवी होती. दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले. काठीशिवाय आजींचं कसं होणार हे कळत होतं, तरी."

"छत्री होती," सासूबाई म्हणाल्या. "नवऱ्यासारखी, नको तिथं उघडणारी."

मी तिच्या हातावर हात ठेवला. जे म्हणायला हवं असं वाटलं ते म्हणाले. "हे बघा, तुम्ही काळजी करू नका. आमच्या घरातून ही गोष्ट बाहेर जाणार नाही."

हे पुरी दाढी करून, टॉवेल खांद्यावर टाकून दारात येऊन उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. बोलताना तिच्याकडं न बघता टॉवेलाचं टोक बघत होते. "मीपण कुणाला सांगणार नाही. वरच्या मालकांना तर नाहीच. आणि त्या सह्यांचं... त्या टोइंगच्या विरुद्ध आहेत, तुमच्या नाहीत. म्हणजे, ते वेगळं."

ह्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ होतं. मला वाटलं आता ती उठेल, हात जोडेल, सुटल्यासारखी जिना चढून जाईल आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे गप्प राहू.

तिनं मान हलवली. नेहमीच्या सवयीनं, नुसती खूण. मग आठवल्यासारखं करून तोंडानं म्हणाली, "नको."

"काय नको?"

"लपवायला सांगायला नाही आले मी, वहिनी. काल एवढ्या लोकांसमोर ते 'आमच्या आजी' गेलं ना तोंडातून, तेव्हापासून घशात काहीतरी सुटल्यासारखं झालंय. घरी येऊन दार लावून परत म्हणून बघितलं. माझ्याच खोलीत माझाच आवाज ओळखू येईना."

"अहो, पण कळलं तर खोली जाईल तुमची," मी म्हणाले.

"जाईल. मग दुसरी बघावी लागेल. तिथं जाऊनही तोंड बंदच ठेवायचं असेल, तर कशाला बघायची?"

वर कुठंतरी कुणाच्या तरी घरात नळ सुटला, बंद झाला. सासूबाईंनी दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले होते आणि चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेला धरला होता.

"बरं. मग तुला काय पाहिजे ते सांग," त्या म्हणाल्या. "नीट, मोठ्यानं सांग."

तिनं खुर्ची थोडी पुढं ओढली.

"आजी, तुम्ही संध्याकाळी खाली बाकावर बसता ना, सगळे असतात तेव्हा? मी कामावरून येऊन वर गेले, की खालून मला एकदा मोठ्यानं हाक मारा. मी खिडकीतून ओ देईन."